नव्याण्णव लाखांत सात

दिवाळीच्या सुट्टीत मालेगावच्या जुन्या घराचा माळा आवरायला घेतला होता. अम्मीच्या तांब्याच्या हंड्यामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्या डब्यात एक पिवळी कॅसेट सापडली. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. वरचं चित्र पुसट झालेलं, आकडा मात्र शाबूत: ९९९९९९९ इन १. माझी मुलगी आठवीत आहे. तिने एककापासून बोट ठेवत आकडा मोजला आणि वाचला. "नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव! अब्बा, एवढे खेळ?"

मी गंमत म्हणून हिशेब मांडून दाखवला. एका खेळाला एकच मिनिट दिलं, जेवणखाण आणि झोप सोडून दिली, तरी सगळे खेळ एकदा बघायला एकोणीस वर्षं लागतील. मग खरं सांगितलं, "यात सात खेळ होते."

"मग बाकीचे कुठे गेले?"

तिने हे चेष्टेने विचारलं नव्हतं. मी उत्तर द्यायला गेलो आणि लक्षात आलं की ते माझ्याकडेच नाही. पुढचे काही आठवडे मी जे वाचलं, त्यातून हा लेख झाला आहे.

आधी कॅसेटचा किस्सा. १९९३च्या सुमाराची गोष्ट. मामूंनी मुंबईहून एक जुना व्हिडिओ गेम आणून दिला होता. काळा डबा, दोन रिमोट, एक अडॅप्टर, जो अर्ध्या तासात तव्यासारखा तापायचा. कॅसेट मात्र आमच्या पैशांची होती: भाईजानची आणि माझी, रमजान ईद आणि बकरी ईद अशा दोन ईदांची ईदी. शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, गल्लीत एरवीचा खडखडाट नव्हता, म्हणून त्या दिवशीचा टीव्हीचा आवाज मला अजून आठवतो. पडद्यावर यादी आली. मारिओ, टँक, सर्कस, गॅलॅक्सियन, रोड फायटर, बदकं मारायचा डक हंट आणि पोपाय. आठव्या नंबरवर नवंच काहीतरी नाव होतं. बटण दाबलं तर पुन्हा मारिओ, फक्त पाण्याखालून सुरू झालेला. नवव्या नंबरवर टँक, पण भिंती वेगळ्या. दहाव्यावर पुन्हा सर्कस. मी पंधराव्या नंबरला कंटाळलो. भाईजान हट्टी. त्याने शंभर पानी वही घेतली आणि एकेक नंबर दाबून नाव लिहीत गेला. कुठेतरी आठवा खेळ निघेल, अशी त्याला खात्री होती. आज तो एका सूत व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. ती सवय तेव्हाचीच असावी.

त्या सात खेळांवरून मी एक मत बनवलं आणि ते जवळजवळ तीस वर्षं बाळगलं. मत असं की या यंत्रावर तीनच कामं असतात: उडी मारा, गोळी मारा, गाडी हाका. बीएडला सराव पाठासाठी मी निबंधाचा विषय घेतला होता, 'व्हिडिओ गेम: शाप की वरदान'. फळ्यावर शापाच्या रकान्यात पहिला मुद्दा माझाच होता: तोचतोपणा. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला. पुढे नोकरीत किती वर्गांना मी हे सांगितलं असेल, त्याची मोजदाद नाही.

आता कळतं की माझं मत यंत्राबद्दल नव्हतंच. ते त्या कॅसेटबद्दल होतं.

आकडा फुगवून सांगायची युक्ती काही आमच्या कॅसेटवाल्याने शोधलेली नव्हती. ती सुरुवातीपासून, अगदी उजळ माथ्याने वापरली जात होती. अमेरिकेत १९७७ साली अटारी कंपनीचं घरगुती यंत्र बाजारात आलं, जे पुढे अटारी २६०० म्हणून ओळखलं गेलं. त्याच्यासोबत 'कॉम्बॅट' नावाची कॅसेट मिळायची आणि तिच्या खोक्यावर छापलेलं असे: २७ व्हिडिओ गेम. खरं तर त्यात रणगाडे, जुनी विमानं आणि जेट विमानं यांची लढाई होती, तीच वेगवेगळ्या मैदानांत आणि वेगवेगळ्या नियमांनी सत्तावीस प्रकारे. १९८०मध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' आला, त्यावर आकडा होता ११२. म्हणजे पाण्याखालून सुरू होणाऱ्या मारिओला वेगळा खेळ म्हणून मोजणाऱ्याने फक्त जुनाच हिशेब जरा मोकळ्या हाताने पुढे चालवला होता.

अटारीचं यंत्र मुळात दोनच तऱ्हेच्या खेळांसाठी घडवलेलं होतं: चेंडू टोलवायचा आणि रणगाड्यांचा. पडद्यावर दोन खेळाडू, त्यांच्या दोन गोळ्या आणि एक चेंडू, एवढ्याच हलत्या वस्तूंची सोय त्याच्या रचनेत होती. तात्पुरती स्मृती १२८ बाइट. आजच्या पद्धतीने देवनागरी मजकूर साठवला तर तेवढ्या जागेत चाळीसेक चिन्हं बसतात. माझ्या या लेखातलं एक बेताचं वाक्यसुद्धा मावणार नाही. आणि तरी त्या यंत्रावर माणसांनी काय काय केलं! वॉरन रॉबिनेटने 'ॲडव्हेंचर'मध्ये किल्ले, ड्रॅगन आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं जग उभं केलं आणि कंपनी कारागिरांची नावं छापत नाही म्हणून एका गुप्त खोलीत स्वतःचं नाव लिहून ठेवलं. डेव्हिड क्रेनने १९८२च्या 'पिटफॉल' मध्ये २५५ पडद्यांचं जंगल चार किलोबाइटमध्ये बसवलं. इतके पडदे साठवायला जागाच नव्हती. त्याने एक सूत्र लिहिलं आणि त्या सूत्रातून यंत्र दर वेळी पुढचा पडदा काढत राहिलं. नावीन्य यंत्राच्या ताकदीवर अवलंबून असतं, असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

पण 'पिटफॉल' काढणारी ॲक्टिव्हिजन ही अटारीतून बाहेर पडलेल्या लोकांनी १९७९मध्ये काढलेली कंपनी होती. दुसऱ्याच्या यंत्रासाठी आपण खेळ विकू शकतो, हे त्यांच्यामुळे सिद्ध झालं. अटारी कोर्टात गेली, शेवटी तडजोड झाली आणि मग दरवाजा सताड उघडला. ओट्सचं पीठ विकणाऱ्या क्वेकर कंपनीनेही खेळांचा विभाग काढला. एका कुत्र्याच्या खाद्याच्या जाहिरातीसाठी खेळ निघाला. दुकानात खेळांची रास होती, पण बहुतेक खेळ एकमेकांच्या नकला. खुद्द अटारीने १९८२च्या सणासुदीसाठी 'ई.टी.' या चित्रपटावरचा खेळ एका माणसाकडून, हॉवर्ड स्कॉट वॉरशॉकडून, पाचेक आठवड्यांत करून घेतला. पुढच्या वर्षी अमेरिकेतला हा सगळा बाजार कोसळला. न विकलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरला गेला. ही दंतकथा आहे, असं कित्येक वर्षं म्हटलं जाई. २०१४मध्ये खणून पाहिलं तर कॅसेटी खरंच निघाल्या.

बाजार कोसळण्याचं खापर नेहमी 'ई.टी.' वर फोडतात. मला ते अन्यायाचं वाटतं. एका वाईट खेळाने दुकान बुडत नाही. गिऱ्हाईक दहादा फसलं आणि पुढचा चांगला खेळ ओळखायचा कसा, हे त्याला कळेनासं झालं, म्हणून ते आलंच नाही. त्या ढिगात 'पिटफॉल'ही होताच की.

ज्या वर्षी अमेरिकेत हा माल पुरला जात होता, त्याच वर्षी, १५ जुलै १९८३ रोजी, जपानमध्ये निन्टेन्डोचं फॅमिकॉम विक्रीला आलं. किंमत १४,८०० येन, रचना मासायुकी उएमुरा यांची. आमच्या घरचा काळा डबा याच यंत्राची नक्कल होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी फॅमिकॉमवर खेळ किती होते? तीन. 'डाँकी काँग', त्याचाच दुसरा भाग आणि 'पोपाय'. तिन्ही आधी नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रांवर आलेले. पहिली दोन वर्षं साधारण असंच चाललं. बाहेर जे लोकप्रिय होतं ते घरी आणायचं, शिवाय बेसबॉल, टेनिस, माहजाँग. त्या काळात कुणी विचारलं असतं की या यंत्रावर पुरेसं वैविध्य आहे का, तर प्रामाणिक उत्तर 'नाही' असंच आलं असतं. माझ्या कॅसेटवरचे काही खेळ नेमके याच काळातले.

मग १९८५ उजाडलं. त्या सप्टेंबरात 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. तो आम्हाला माहीत आहे, त्याबद्दल लिहीत बसत नाही. नोव्हेंबरात मात्र एक वेगळाच खेळ आला: 'पोर्टोपिया'. कोबे शहरात एक खून झाला आहे. तुम्ही तपास अधिकारी. उडी मारायची नाही, गोळी झाडायची नाही. लोकांना प्रश्न विचारायचे, खोल्या तपासायच्या, उत्तरं वाचायची आणि डोकं चालवायचं. हाताखाली यासू नावाचा एक सहायक आहे. खुनी कोण, ते सांगत नाही. न जाणो, एखादा वाचक शोधून खेळायचा. हा खेळ युजी होरिई यांनी आधी कीबोर्ड असलेल्या संगणकासाठी केला होता. फॅमिकॉमला कीबोर्ड नव्हता, म्हणून आज्ञांची यादीच पडद्यावर दिली. ही अडचणीतून काढलेली वाट इतकी सोयीची निघाली की पुढे तीच रूढ झाली.

याच होरिईंनी मे १९८६मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' केला. यात राजा आहे, राजकन्या आहे, गावोगावची माणसं आहेत आणि प्रत्येक माणूस काहीतरी सांगतो. खेळ एका बैठकीत संपत नाही, दिवसच्या दिवस चालतो. मी भाषेचा शिक्षक, त्यामुळे मला यातलं अक्षरांचं प्रकरण फार आवडलं. सबंध खेळ ६४ किलोबाइटमध्ये बसवायचा होता. जपानीतल्या हिरागाना आणि कटाकाना या दोन लिप्या. दोन्हींची सगळी अक्षरं ठेवली तर चित्रांना जागा उरेना. तेव्हा कटाकानातली जेमतेम वीसेक अक्षरं ठेवली आणि राक्षसांची, मंत्रांची नावं त्या अक्षरांतूनच बनवली. मुळाक्षरं कमी पडली म्हणून नावंच बदलली! पाचवीच्या मुलांना मोजकी अक्षरं देऊन त्यांतून शब्द तयार करायला आपण सांगतो, तोच पाठ.

खेळ अर्धवट सोडून उद्या पुढे सुरू करायचा तर? त्यात ते लिहून ठेवायची सोय नव्हती. म्हणून राजा तुम्हाला वीस अक्षरांचा मंत्र द्यायचा. तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. दुसऱ्या भागात तो मंत्र ५२ अक्षरांपर्यंत गेला. आता हिरागानात 'बा' आणि 'पा' यांच्यात फरक एवढाच की एकावर दोन बारीक रेघा, दुसऱ्यावर एक बारीक वर्तुळ. जुन्या टीव्हीच्या धुरकट पडद्यावर ते ओळखू यायचं नाही. एक खूण चुकली की दिवसभराचा खेळ गेला. माझ्या उर्दूच्या वर्गात नुक्त्यावरून जे रडगाणं चालतं, तेच लाखो जपानी मुलांनी टीव्हीसमोर बसून अनुभवलं. श्रुतलेखन इतकं मन लावून कुठल्याही शाळेत होत नसेल.

याच सुमारास वाट मोकळी झाली. १९८६मध्येच 'झेल्डा' आणि 'मेट्रॉइड' आले. १९८८च्या 'फॅमिकॉम वॉर्स'मध्ये सैन्य हलवायचं ते बुद्धिबळासारखं, आळीपाळीने. १९८९मध्ये शिगेसातो इतोई या जाहिरात लेखकाने 'मदर' केला. त्यातला नायक राजपुत्र वगैरे नाही, आजच्या काळातला शाळकरी मुलगा आहे. जपानमध्ये फॅमिकॉमवर निघालेल्या खेळांची संख्या हजाराच्या वर गेली. त्यातही नकला ढीगभर होत्या, हे कबूल करायला हवं. 'ड्रॅगन क्वेस्ट' चालला म्हणताच त्याचे भाऊबंद रांगेने आले, आणि लोकप्रिय कार्टूनचं नाव लावून खपवलेले खेळ तर विचारूच नका. तरीही माझा आजचा निकाल स्पष्ट आहे: ज्या यंत्राला मी वर्गात उभं राहून तोचतोपणाचा शिक्का मारला, तिथे एका पिढीने गोष्ट सांगायच्या कित्येक नव्या रीती शोधल्या.

अमेरिकेत हेच यंत्र १९८५च्या शेवटी गेलं, दुसऱ्या नावाने आणि कुलूप लावून. कुलूप म्हणजे अक्षरशः कुलूप: यंत्रात एक चिप, कॅसेटमध्ये तिची जोडीदार, दोघींची ओळख पटली नाही तर खेळ चालत नाही. शिवाय नियम असा की बाहेरच्या कंपनीने वर्षाला पाचच खेळ काढायचे. अटारीसारखा ढीग पुन्हा साचू नये, हा हेतू. कॅसेट बनवण्याचा मक्ताही निन्टेन्डोकडेच राहिला, हा फायदा. कोनामीने पळवाट काढली. अल्ट्रा नावाची दुसरी कंपनी उभी केली, म्हणजे आणखी पाच. चाळणी लावल्याने दर्जा सुधारला हे खरं, पण चाळणी कुणाच्या हातात आहे हेही पाहायला हवं. 'ड्रॅगन क्वेस्ट' अमेरिकेत पोहोचायला तीन वर्षं लागली, आणि आल्यावर तो तिथल्या मुलांना इतका परका वाटला की शेवटी निन्टेन्डोने आपल्या मासिकाच्या वर्गणीसोबत तो फुकट वाटला.

आणि आमच्याकडे? आमच्याकडे कुलूप नव्हतंच. फॅमिकॉमच्या मूळ जपानी यंत्रात ती चिप नव्हती, आणि तैवानमध्ये त्याच्या आतल्या चिपांच्या हुबेहूब नकला बनू लागल्या होत्या. त्या नकलांतून जगभर वेगवेगळ्या नावांचे डबे तयार झाले. रशियात 'डेंडी', पोलंडमध्ये 'पेगासस', आपल्याकडे 'सामुराई', 'लिटल मास्टर'. नकला झाल्या नसत्या तर मालेगावच्या यंत्रमाग कामगाराच्या घरात हे यंत्र कधीच आलं नसतं. तेव्हा त्यांना नुसत्या शिव्या घालणं मला जमत नाही.

आता माझ्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. बाकीचे कुठे गेले? फॅमिकॉमच्या साध्या कॅसेटमध्ये जास्तीत जास्त ४० किलोबाइट मावत. 'सुपर मारिओ' नेमका तेवढाच आहे. त्याहून मोठ्या खेळांसाठी कॅसेटमध्ये वेगळ्या चिपा घालाव्या लागत. खेळ जपून ठेवायचा तर बॅटरीही. एका स्वस्त कॅसेटमध्ये अनेक खेळ कोंबणाऱ्याला हा खर्च परवडणारा नव्हता. त्याने छोटे, जुने, एकाच साच्यात बसणारे खेळ घेतले. यादी लांबवण्यासाठी सुरुवातीचा एखादा आकडा बदलला, की मारिओ पहिल्याऐवजी पुढच्या टप्प्यावर उभा. झाला नवा खेळ. आणि 'पोर्टोपिया' किंवा 'ड्रॅगन क्वेस्ट' त्याने घातले असते तरी आमच्या गल्लीत जपानी वाचणार कोण? म्हणजे वाचायचे जितके खेळ होते ते सगळे गळले आणि न वाचता खेळता येणारे तेवढे उरले. मग मी मोठा होऊन शिक्षक झालो आणि मुलांना सांगितलं की या खेळांत वाचण्यासारखं, विचार करण्यासारखं काही नसतं.

हे कळल्यावर मला दुसरीच एक गोष्ट टोचत राहिली. शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे आहे. ग्रंथालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं. नोंदवहीत पुस्तकं ६४०. शिक्षक खोलीत मी कितीदा तरी म्हटलं आहे की हल्लीच्या मुलांना वाचनाची आवडच नाही, पुस्तकं समोर असूनही हात लावत नाहीत. दिवाळीनंतर शाळा सुरू झाल्यावर मी दोन्ही कपाटं रिकामी केली आणि नोंदवहीतल्या नंबरांऐवजी नावं लिहायला बसलो. १३८ भरली. एकाच चरित्राच्या बावीस प्रती, एकाच सुविचार संग्रहाच्या एकोणीस, आणि उरलेल्यांत कितीतरी पुस्तकं तीच, फक्त वेगळ्या मुखपृष्ठाची. मुलांसाठी गोष्टींची म्हणावी अशी उर्दूत अकरा, मराठीत चौदा. माझ्या नोंदवहीतला आकडा खोटा नव्हता. पानं मात्र मी इतकी वर्षं पंधराव्या नंबरलाच कंटाळल्यासारखी उलटत होतो. जास्तीच्या प्रती आता खाली एका पेटीत आहेत आणि वरचे तीन कप्पे रिकामे आहेत. मुख्याध्यापकांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, सध्या आपल्याकडे एवढंच आहे, ते दिसू दे.

त्या रात्री भाईजानला फोन लावला. कॅसेट सापडल्याचं सांगितलं, पडद्यावरची यादी आठवते का विचारलं. आधी तो भरपूर हसला. मग मी विचारलं, "तू नक्की कितव्या नंबरपर्यंत गेला होतास?"

"तीनशे बारा," तो लगेच म्हणाला. "मग लाईट गेली."